व्हीलचेअर घेऊन कॅम्पर व्हॅनने फिरता येतं का? दिव्यांगांसाठी गाडी कशी तयार होते, वाचा

कोकणात जायचं ठरलं की घरात याद्या सुरू होतात. कुणाकडे मुक्काम, मासे कुठे खायचे, कुठला समुद्रकिनारा. पण घरात कुणी व्हीलचेअर वापरणारं असेल, तर या सगळ्या याद्यांच्या आधी एकच प्रश्न येतो. रस्त्यात बाथरूमचं काय?

मग त्यावर घरोघरी ठरलेला उपाय निघतो. निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं. मणक्याला इजा झालेल्या माणसाला मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका मुळातच जास्त असतो. त्यात पाणी कमी पडलं की तो आणखी वाढतो. तरीही हा उपाय केला जातो, कारण हायवेवरच्या ढाब्याच्या बाथरूमला तीन पायऱ्या असतात आणि दरवाजा व्हीलचेअरपेक्षा अरुंद.

शेवटी बऱ्याच घरांत निर्णय होतो, "तुम्ही जाऊन या, मी थांबतो घरी."

कॅम्पर व्हॅनचा विषय इथे येतो. इन्स्टाग्रामवर आपण तिच्याकडे हौस म्हणून बघतो. डोंगर, दार उघडं, हातात कॉफीचा मग. पण चालता न येणाऱ्या माणसासाठी तिचा अर्थ वेगळा आहे. स्वतःचं बाथरूम आणि स्वतःचा पलंग आपल्यासोबत येतो. वाटेत कुठलं हॉटेल 'सोयीचं' निघेल यावर प्रवास अवलंबून राहत नाही.

मात्र त्यासाठी गाडीत बदल करावे लागतात. आणि ते फक्त दाराला लिफ्ट लावण्यापुरते नसतात. आत चढणं, सुरक्षित बसणं, वळणं, बाथरूम, झोप, वीज, मुक्कामाची जागा अशी ही साखळी आहे. एक कडी तुटली की बाकीच्या कितीही भारी असल्या तरी उपयोग नाही. तर या कड्या एकेक करून बघू.

आधी कॅम्पर व्हॅन म्हणजे काय?

ज्या गाडीत झोपायची, स्वयंपाकाची आणि बाथरूमची सोय असते ती कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन. शूटिंगच्या सेटवरची व्हॅनिटी व्हॅन तुम्ही पाहिली असेल, साधारण तशीच, फक्त फिरण्यासाठी. अमेरिकेत यांना 'आरव्ही' म्हणतात. छोट्या व्हॅनपासून बसएवढ्या मोटारहोमपर्यंत सगळे प्रकार त्यात येतात.

आपल्याकडे फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया यांसारख्या गाड्या घेऊन बॉडी बिल्डरकडून आतलं काम करून घेतात. कॅराव्हॅनसाठी 'एआयएस १२४' नावाचं स्वतंत्र भारतीय मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे नवीन असली तरी हवेतली नाही.

ही सुरुवात कुणी केली?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात विनामॅक नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९४० मध्ये राल्फ ब्रॉन यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षी त्यांना स्नायू कमकुवत होत जाण्याचा आजार असल्याचं कळलं. पुढे चालणं थांबलं. पण त्यांना यंत्रांचं वेड होतं. त्यांनी आधी स्वतःसाठी बॅटरीवर चालणारी तीनचाकी स्कूटर बनवली. मग टपाल खात्याची एक जुनी जीप घेतली, तिला लिफ्ट आणि हाताने चालवायचे कंट्रोल बसवले आणि ती चालवत कामावर जायला लागले.

१९७० च्या सुमारास त्यांनी मोठ्या व्हॅनला लिफ्ट बसवली. लोक विचारायला लागले, "आम्हालाही करून द्याल का?" त्यातून १९७२ मध्ये ब्रॉन कॉर्पोरेशन उभं राहिलं. आज ही कंपनी 'ब्रॉनअॅबिलिटी' नावाने ओळखली जाते. २०१३ मध्ये राल्फ ब्रॉन गेले.

मोटारहोमच्या धंद्यातही हा विचार आला. आयोवा राज्यात सुरू झालेली विनेबेगो कंपनी व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी कारखान्यातच तयार केलेली मॉडेल विकते. त्यात लिफ्ट, रुंद वाट, व्हीलचेअर थेट आत नेता येईल असा शॉवर आणि बसून हात पोहोचेल अशी बटणं असतात. न्यूमार कंपनीच्या 'कॅन्यन स्टार' मालिकेतही असं मॉडेल निघालं.

भारतात अशी तयार गाडी शोरूममध्ये जाऊन घ्यावी अशी परिस्थिती नाही. इथे गाडी करून घ्यावी लागते. म्हणूनच काय सांगायचं, काय मोजायचं हे आपल्याला माहीत पाहिजे.

पहिली कडी : आत चढायचं कसं?

सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा रॅम्प येतो. स्वस्त, साधा, बिघडत नाही. पण एक गणित करून बघा.

इमारतीच्या रॅम्पसाठी १ः१२ हा उतार धरला जातो. म्हणजे १ फूट उंची चढायला १२ फूट लांबी. व्हॅनची फरशी जमिनीपासून समजा ६५ सेंटीमीटर उंच आहे. तर ६५ गुणिले १२, म्हणजे ७८० सेंटीमीटर. जवळपास ८ मीटरचा रॅम्प! गाडीपेक्षा रॅम्प लांब.

१ः४ इतका तीव्र उतार ठेवला तरी २.६ मीटर लांबी लागते. आणि तेवढ्या चढावर मागून ढकलायला धडधाकट माणूस हवा. बॅटरीची व्हीलचेअर असेल तर मागे उलटण्याची भीती.

म्हणून उंच फरशीच्या गाडीला लिफ्टच बरी. लिफ्ट घेताना तीन मापं विचारा.

पहिलं, वजन पेलायची क्षमता. अमेरिकेत सार्वजनिक बसच्या लिफ्टसाठी किमान २७२ किलोचा नियम आहे. हे जास्त वाटेल, पण बॅटरीची व्हीलचेअर १३० किलोची आणि माणूस ८० किलोचा धरला तर २१० तिथेच झाले.

दुसरं, प्लॅटफॉर्मची लांबी-रुंदी. त्याच नियमात ती साधारण ७६ बाय १२२ सेंटीमीटर आहे. पण पाय पुढे ठेवायच्या पट्ट्यांसकट तुमची व्हीलचेअर मोजा. कॅटलॉगमधलं माप धरू नका.

तिसरं, दाराची उंची. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून किती उंच येतं ते मोजा. लहान सार्वजनिक वाहनांसाठी अमेरिकी नियमात दाराजवळ १४२ सेंटीमीटर मोकळी उंची धरली आहे. माणूस उंच असेल, गादी जाड असेल तर तीही कमी पडते.

आणखी एक. लिफ्ट विजेवर चालते. बॅटरी बसली तर माणूस गाडीत अडकतो किंवा बाहेर. त्यामुळे हाताने चालवायचा पंप असलेलीच लिफ्ट घ्या आणि तो पंप घरातल्या दोघांना तरी चालवता आला पाहिजे.

दुसरी कडी : धावत्या गाडीत बसायचं कुठे?

व्हीलचेअरला ब्रेक लावला म्हणजे ती स्थिर झाली, असा एक गैरसमज आहे. ते ब्रेक घरात उभं राहण्यासाठी असतात. ताम्हिणी घाटातल्या वळणावर त्यांचा काही उपयोग नाही.

जमत असेल तर व्हीलचेअरवरून गाडीच्या मूळ सीटवर बसणं सगळ्यात सुरक्षित. त्यासाठी बाहेर फिरणारी सीट मिळते, म्हणजे सीट दाराकडे वळते, माणूस सरकून बसतो आणि सीट परत आत फिरते. रिकामी व्हीलचेअर मात्र तरीही बांधावीच लागते. नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर तीच अंगावर येते.

सीटवर बसणं शक्य नसेल तर व्हीलचेअर गाडीला चार ठिकाणी बांधायची. दोन पट्टे पुढून, दोन मागून. तोंड गाडीच्या दिशेने, आडवं कधीच नाही. आणि हे चार पट्टे फक्त व्हीलचेअरसाठी. माणसासाठी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा वेगळा सीटबेल्ट लागतो. व्हीलचेअरला पोटावर असलेला पट्टा हा बसण्याची ढब सांभाळायला असतो, अपघातात तो पुरत नाही.

पट्टे अडकवायचे हुक फरशीत जातात. इथे कामाची खरी कसोटी. प्लायवूडच्या फरशीत स्क्रू मारून हुक बसवले तर धडकेत ते उपटून येतील. ते गाडीच्या सांगाड्यापर्यंत बोल्टने पकडलेले हवेत.

हे पट्टे आणि व्हीलचेअर यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२, गाडीत बसून प्रवास करायच्या व्हीलचेअरसाठी आयएसओ ७१७६ चा भाग १९. ही चाचणी ताशी ४८ किलोमीटरच्या समोरासमोर धडकेएवढ्या झटक्याची असते. विक्रेत्याला हे आकडे सांगून विचारा. तो गोंधळला तर समजून जा.

तिसरी कडी : आत वळायचं कसं?

व्हीलचेअरला जागेवर पूर्ण गिरकी घ्यायला साधारण दीड मीटरचं वर्तुळ लागतं. आपल्या व्हॅन आतून पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला कपाट केलं की मधली वाट ६० सेंटीमीटर उरते. तेवढ्यात व्हीलचेअर धड सरळही जात नाही.

अमेरिकेत मोठ्या मोटारहोमची एक भिंतच बाहेर सरकते. गाडी उभी केली की खोली रुंद होते. आपल्याकडे लहान व्हॅनमध्ये दुसरा मार्ग घ्यावा लागतो, तो म्हणजे सामान कमी करणं.

ओटा, कपाट, पाण्याची टाकी सगळं एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला भिंतीला दुमडणारा पलंग. मधे काहीही न ठेवता मोकळी फरशी. लिफ्ट मागच्या दाराला लावली तर व्हीलचेअर सरळ आत येते, वळायची गरजच कमी पडते. बाजूच्या दाराने आत आलं की लगेच ९० अंशांत वळावं लागतं.

कॅम्पर व्हॅनच्या व्हिडिओत 'प्रत्येक इंचाचा वापर' असं कौतुकाने सांगतात. इथे उलटं आहे. रिकामी ठेवलेली जागा हीच सोय.

ओट्याखालचं कपाट काढून टाकलं तर गुडघे आत जातात आणि बसून भाजी चिरता येते. दिव्याची बटणं, पंख्याचं बटण, अग्निशामक नळकांडं हे सगळं बसलेल्या माणसाच्या हाताशी आलं पाहिजे. आग लागली तर लिफ्टची वाट बघत बसता येत नाही, म्हणून बाहेर पडायचा दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवा. याच कारणाने गॅसपेक्षा इंडक्शनची शेगडी बरी, अर्थात वीज पुरत असेल तर.

चौथी कडी : बाथरूम

साखळीतली हीच कडी सगळ्यात जास्त वेळा तुटते. बॉडी बिल्डरला 'बाथरूम पाहिजे' एवढंच सांगितलं तर तो कोपऱ्यात फोनबूथएवढी खोली करून देतो. दार आत उघडणारं, उंबरा चार इंचांचा. पन्नास हजारांचं काम आणि वापर शून्य.

काय सांगायचं? उंबरा नको, फरशी एकाच पातळीवर आणि पाण्यासाठी हलका उतार. दाराऐवजी सरकता पडदा किंवा बाहेर सरकणारं दार, म्हणजे गरज पडली की बाथरूमची भिंत मोकळ्या जागेत मिसळते. कमोडची उंची व्हीलचेअरच्या सीटएवढी, साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर, म्हणजे सरकून जाता येतं. आधाराचे दांडे भिंतीच्या पत्र्याला नाही तर आतल्या लोखंडी चौकटीला. माणूस त्यावर पूर्ण भार टाकतो हे फिटरला स्पष्ट सांगा.

ज्यांना सरकणं जमत नाही त्यांच्यासाठी चाकांची कमोड खुर्ची कमोडवरून आत जाईल एवढी जागा ठेवतात. त्याच खुर्चीवर आंघोळही होते.

जे लोक दिवसातून चार-पाच वेळा कॅथेटर वापरतात त्यांना मोठं बाथरूम नसलं तरी एक वेळ चालतं. पण स्वच्छ सपाट जागा, हात धुवायला पाणी, चांगला उजेड आणि आडोसा हवाच. हे चार नसले की संसर्ग ठरलेला.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पायात संवेदना नसतील तर गरम पाण्याने भाजलेलं कळत नाही. गीझरला तापमान ठरावीक पातळीवर ठेवणारा नळ लावा.

आणि टाकी रिकामी कोण करणार? लहान व्हॅनमध्ये सुटी निघणारी टाकी असते. ती भरली की जड होते. एकट्याने फिरायचा विचार असेल तर हा प्रश्न गाडी घ्यायच्या आधी सोडवा.

पाचवी कडी : झोप

व्हॅनच्या व्हिडिओत पलंग छान उंचावर असतो, खाली सामान. इथे तो चालत नाही. गादीसकट पलंगाची उंची व्हीलचेअरच्या सीटएवढीच हवी. पलंगाच्या एका बाजूला व्हीलचेअर लागेल एवढी जागा लागते.

ज्यांना उचलूनच ठेवावं लागतं त्यांच्यासाठी छताला रूळ लावून झोळीसारखा हॉइस्ट बसवतात. घरच्या माणसाची पाठ वाचवणारी ही वस्तू आहे. आई-वडील साठीचे आणि मुलगा पस्तिशीचा असेल तर प्रवास बंद पडतो तो याच कारणाने. पण छत तेवढा भार पेलणारं लागतं, म्हणून हे आधी ठरवायचं, नंतर नाही.

गादीकडे दुर्लक्ष नको. एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा भरायला महिने लागतात. घरी हवेची गादी असेल तर ती गाडीतही लागणारच.

सहावी कडी : वीज आणि थंडावा

बॅटरीची व्हीलचेअर रोज चार्ज करावी लागते. समजा तिची बॅटरी २४ व्होल्ट, ५० अँपिअर-तासाची आहे. गुणाकार केला तर १,२०० वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढं घ्यायचं तर १०० अँपिअर-तास फक्त त्यातच गेले, आणि मधली गळती वेगळी. त्यात लिफ्ट, हवेच्या गादीचा पंप, झोपेत लागणारं श्वासाचं यंत्र असेल तर तेही धरा.

म्हणून गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी आणि घरासारखी वापरायची बॅटरी वेगळी ठेवतात. घरच्या बॅटरीने लिफ्ट चालली नाही तर दुसरीवर चालेल अशी जोडणी करून घेतली तर उत्तम.

एसीची चर्चा निघाली की कुणीतरी म्हणतंच, "फिरायला निघालाय ना, एसी कशाला?" मान किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खाली नीट घाम येत नाही. शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात त्याच्यासाठी एसी ही चैन नाही, उपचार आहे. पण एसी रात्रभर बॅटरीवर चालवणं अवघड, त्यामुळे मुक्कामाला विजेचं कनेक्शन मिळेल अशीच जागा निवडावी लागते.

स्वतः चालवायची असेल तर?

पायांत ताकद नसली तरी गाडी चालवता येते. स्टिअरिंगजवळ एक दांडा बसवतात. ढकलला की ब्रेक, ओढला किंवा वळवला की ॲक्सिलरेटर. एका हाताने स्टिअरिंग फिरवायला त्यावर गोल मूठ लावतात. उजवा पाय चालत नसेल तर डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर मिळतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर काम सोपं होतं. क्लचची गाडी असली तर क्लचचीही वेगळी सोय करावी लागते.

अशी किट घेताना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची चाचणी झालेली आहे का, ते विचारा. आणि लक्षात घ्या, छोट्या कारवर हाताने चालवायचा सराव असला तरी तीन-चार टनांची व्हॅन घाटात उतरवणं वेगळं. आधी मोकळ्या मैदानात सराव करा.

व्हीलचेअर नसेल त्यांचं काय?

दिव्यांग म्हटलं की आपल्याला व्हीलचेअरच दिसते. पण कॅलिपर वापरणारे, कुबड्या वापरणारे, कृत्रिम पाय असलेले, संधिवाताने हैराण झालेले आजी-आजोबा यांनाही चढता-उतरताना त्रास होतो. त्यांना लिफ्ट लागेलच असं नाही.

त्यांच्यासाठी कमी खर्चाचे बदल पुरतात :

• दाराशी आपोआप बाहेर येणारी एक जादा पायरी
• दाराच्या दोन्ही बाजूंना पकडायला दांडे
• गोल फिरवायच्या नळांऐवजी लांब दांडीचे नळ, म्हणजे बोटांत ताकद नसली तरी मनगटाने उघडतात
• न घसरणारी फरशी आणि पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी
• शॉवरखाली भिंतीला दुमडणारी बसायची फळी
• रात्री बाथरूमपर्यंत खालून उजेड देणारा मंद दिवा

कायदा काय म्हणतो?

गाडीत बदल केला की पासिंग होणार नाही, पोलीस पकडतील ही भीती सगळ्यांना असते. ती उगाच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं.

पण दिव्यांगांसाठी याच कलमात वाट आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला कायदा 'ॲडाप्टेड व्हेइकल' म्हणतो. स्वतःच्या मालकीची गाडी अशी बदलून घेऊन नंतर नोंदणी अधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची मंजुरी घेता येते, असं हे कलम सांगतं. केंद्र सरकारने घातलेल्या अटी मात्र पाळाव्या लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने लायसन्सच्या यादीतही 'ॲडाप्टेड व्हेइकल' हा शब्द आणला.

कागदावर 'नंतर मंजुरी' असलं तरी शहाणपण उलट्या क्रमात आहे. आधी नकाशा आणि किटची कागदपत्रं घेऊन आरटीओत विचारा, मग वेल्डिंग सुरू करा. दोन गोष्टी एकदम बदलत आहेत हे विसरू नका. साधी व्हॅन कॅम्पर होतेय आणि कॅम्पर दिव्यांगांसाठी बदलतेय. दोन्ही आरसीवर आलं पाहिजे. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण येते.

२०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' अशी वेगळी नोंद करता येते. सवलती मागताना ती उपयोगी पडते.

आता सवलतींबद्दल. दिव्यांगांना गाडीवर मिळणारी जीएसटीची सवलत ४ मीटरपर्यंतच्या छोट्या गाड्यांसाठी होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लहान गाड्यांचा कर सगळ्यांसाठीच १८ टक्क्यांवर आला. कॅम्पर व्हॅन मात्र ४ मीटरमध्ये बसतच नाही. म्हणजे ज्याला आत व्हीलचेअर, पलंग आणि बाथरूम मावणारी गाडी लागते, तोच या मापाच्या बाहेर राहिला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४१ मध्ये मात्र परवडणाऱ्या दरात प्रवासासाठी योजना आणायला सरकारला सांगितलं आहे आणि त्यात गाड्यांमधल्या बदलांचा स्पष्ट उल्लेख आहे. मागणी करायची तर ती या कलमाच्या आधाराने करता येते.

शेवटची कडी : गाडी उभी कुठे करायची?

गाडी कितीही सोयीची केली तरी लिफ्ट उतरायला सपाट, टणक जमीन लागते आणि दाराबाहेर दोन-अडीच मीटर मोकळी जागा. वाळूत, चिखलात, उतारावर लिफ्ट टेकत नाही. शेजारी कुणी गाडी लावली तर तुम्ही आतच.

अमेरिकेत अनेक राष्ट्रीय उद्यानांत व्हीलचेअरसाठीच्या कॅम्पिंगच्या जागा राखलेल्या असतात. कायमचं अपंगत्व असलेल्या तिथल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना उद्यानांचा आजीवन मोफत पास मिळतो. कॅम्पिंगच्या शुल्कातही अनेक ठिकाणी सूट असते. तिथे राहणाऱ्या आणि आई-वडिलांना फिरवणाऱ्या मराठी मंडळींनी हे नक्की बघावं, घरात पात्र व्यक्ती असेल तर.

आपल्याकडे मुक्कामाच्या जागेला फोन करून 'सोय आहे का' असं विचारू नका. उत्तर 'हो, या की' असंच येतं. त्यापेक्षा विचारा, 'गाडी उभी राहते तिथे काँक्रीट आहे की माती? विजेचा पॉइंट किती अँपिअरचा? गाडीपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती पायऱ्या?' आणि फोटो मागवा.

सुरुवात कुठून करायची?

लाखो रुपये घालायच्या आधी एक खडू घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन आखा. त्यात पलंग, ओटा, बाथरूम आखा. आता व्हीलचेअर घेऊन त्या रेषांच्या आत फिरून बघा. पलंगाजवळ जा, वळा, बाथरूममध्ये शिरा, बाहेर या. जिथे चाक रेषेवर जाईल तिथे नकाशा चुकला.

मग एखादी साधी कॅम्पर एका रात्रीसाठी भाड्याने घ्या, तात्पुरता रॅम्प आणि दोन मदतनीस घेऊन. लांब जाऊ नका. कुठे अडतंय ते लिहून काढा.

कामाचं कोटेशन घेताना लिफ्ट, पट्टे, बाथरूम, वीज असं प्रत्येकाचं वेगळं मागा. पैसे कमी पडले तर आधी काय करायचं ते कळतं. क्रम असा ठेवा : बांधायचे पट्टे, लिफ्ट, बाथरूम. लाकडी पॅनेल आणि रंगीत दिवे नंतरही होतात. लिफ्टचं वजनच शंभर-दीडशे किलोच्या पुढे जाऊ शकतं, त्यामुळे पाणी, बॅटरी, माणसं धरून एकूण वजन गाडीच्या मर्यादेत बसतंय का हे लेखी घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बॉडी बिल्डरशी बोलायला ज्यांच्यासाठी गाडी बनतेय त्यांना सोबत न्या. घरचे काळजीपोटी सगळं ठरवून मोकळे होतात, मग दांडा दोन इंच लांब बसतो. ते दोन इंच फक्त त्यांनाच माहीत असतात.

गाडी तयार झाली की चाचणी सोपी आहे. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखं पोटभर पाणी प्यायलं, तर समजा काम बरोबर झालंय.